पाठीले पाठ

"हा वास कशाचा येतोय?"

साहेबानं इचारलं. मले नाई, शिपायाले. माह्याकडं त्यानं अजून पायलंच नव्हतं. मी नुकतीच त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत टेकली होती. पायापाशी माही टोपली. बाजारात मासोळी इकून तशीच आली होती. टोपली रिकामी होती, नळावर धुतली होती, वरून पळसाची पानं टाकली होती. पण मासोळीचा वास तो. आमी ढिवर. आमच्या अंगाचा वास धुतल्यानं जात असता तं माह्या आजीचाच पहिले गेला असता.

शिपाई म्हणे, "बाई, टोपली बाहेर ठेवा."

ठेवली. परत आली तं खुर्ची नाई. शिपायानं ती भिंतीकडं सरकवून तिच्यावर जुन्या वायरीचा गुंडाळा ठेवून देल्ला होता. एवढ्याशा वेळात. मी उभ्यानंच सांगतलं. साहेब, आमच्या गावात तुमच्या सरकारी फोन कंपनीचा टावर हाय. पण तो बंद हाय. कोणाच्याच फोनले रेंज नाई. तक्रार लिहून घ्या.

त्यानं गावाचं नाव इचारलं. मी सांगतलं. तवा त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

"ते जंगलातलं? तिथून तुम्हाला फोन करायचा कोणाला असतो? वाघाला?"

हासले सगळे. साहेब हासला, कोपऱ्यातला बाबू हासला, शिपाई हासला. आपलं काम घेऊन आलेला एक दुकानदार होता, तोबी हासला. अन् मी बी हासली.

काऊन हासली? मले कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात ते शिकवा लागत नाई. माहा बाप तलावाच्या ठेकेदारासमोर हासे. त्यानं बापाले शिवी देल्ली तरी हासे. माही माय पाटलिणीच्या दारात हासे. मोठा माणूस आपल्याले हासला की आपणबी हासून द्याचं, म्हणजे तो लवकर सोडते. तसंच हासली मी. तोंडावर हात ठेवून, खाली पाहून. ते हासणं अजूनबी माह्या घशात हाडकासारखं अडकून हाय. अन् साहेबाच्या तोंडातून निघालेला तो वाघ मंग खराखुरा आला.

आमचं गाव चंद्रपूर जिल्हा सरते अन् गडचिरोली सुरू होते तिथल्या जंगलात हाय. एका अंगाले तलाव, बाकी सारं जंगल. आमी तलावात मासोळी धरतो, दुसरे लोक धान पेरतात. टावर शाळेच्या मांगं हाय. तो उभा झाला त्या दिवशी नारळ फुटला, लेकराईले पेढे भेटले. साऱ्या गावानं सरकारी कार्ड घेतलं. दुसऱ्या कोणत्या कंपनीनं आमच्या जंगलात पाय ठेवला नव्हता. अन् वाटलं, सरकारी म्हणजे आपलीच. थोडे दिवस चाललाबी. मंग त्याच्या खालच्या खोलीतल्या बॅटऱ्या मेल्या. लाइन गेली की टावर गेला, असं झालं. अन् आमच्याकडं लाइन म्हणजे पाहुणी, आली तं आली. नंतर लाइन असली तरी तो उठेना. आता वर वांदरं बसतात.

रेंज कुठी तं टेकडीवर. गावाच्या मांगं जंगलात एक टेकडी हाय. तिच्यावर मोहाच्या झाडाखाली सपाट दगड हाय. त्या दगडावर उभं राहून फोन डोस्क्याच्या वर धरला, की कुठल्यातरी दूरच्या टावरची रेंज येते. हात खाली आला की गेली. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात, ते आमाले पाहूनच कोणी म्हटलं असंन. टावर दाराशी, अन् नवऱ्याशी बोलाले जंगलात जा.

अन् त्या जंगलात तो. जंगलात गेल्यावर आमी त्याचं नाव घेत नाई, 'मोठं जनावर' म्हणतो.

म्हून एक रीत पडली. कोणी बसून ठरवली नाई. टेकडीवर एकट्यानं जाचं नाई. दोघांनी जाचं, दगडावर पाठीले पाठ लावून उभं राहाचं. एकानं बोलाचं, दुसऱ्यानं जंगलाकडं पाहाचं. जो बोलते त्याचं ध्यान फोनात असते, त्याचे डोळे उघडे असून कामाचे नाई. म्हून दुसऱ्याचे डोळे. त्याच्या हातात एक जरमनची, म्हणजे अल्युमिनची, थाळी अन् दगड. मधामधात थाळी वाजवत राहाची. अन् कोणी बसाचं नाई, कोणी वाकाचं नाई. वाकलेला माणूस जनावराले माणूस दिसतच नाई.

माही जोडीदार वनिता. माही धाकटी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंबी मिरची तोडाले तेलंगणात जात. घरी म्हातारी सासू, लेकरं अन् आमी दोघी. सांजेच्या आधी, उजेड असतानाच, आमी टेकडी चढत होतो. एक दिवस माह्या नवऱ्याचा फोन, एक दिवस तिच्या.

आता माहा नवरा म्हणजे वनिताचा भासरा. भासऱ्यासमोर डोस्कं उघडं ठेवाचं नाई, ही आमच्याकडची चाल. बरं, भासरा कुठी? गोदावरीच्या पल्याड, मिरचीच्या वावरात. पण फोनातून त्याचा आवाज निघाला रे निघाला, की वनिताचा हात आपोआप वर जाये अन् पदर डोस्क्यावरून पार डोळ्यापर्यंत येये. मी तिले चिडवत होती.

"अवो, तो काय फोनातून बाहेर येते का?"

"नाई येत. पण आवाज तं त्याईचाच हाय ना, बाई!" ती पदराच्या आतून म्हणे. मी म्हणो, "पदर काढ वो, तुह्या डोळ्यावर माहा जीव हाय." मंग ती एका बोटानं पदर वर धरून जंगलाकडं पाहे अन् थाळी वाजवे.

आमचं नवराबायकोचं सारं बोलणं ती ऐके. दुसरं करणार काय? उतरताना मंग मले बोले, "भासऱ्याले तुमच्या हातच्या झिंग्याची आठवण येते म्हणे. निस्त्या झिंग्याचीच का वो, बाई?" मी तिच्या पाठीत धपाटा घालत होती. दोघी हासत खाली येत होतो. ते हासणं वेगळं होतं. ते आमचं होतं.

त्या साली मोह फुलाच्या आधीपासूनच मोठं जनावर गावाच्या जवळ आलं होतं. तलावाच्या पाळीवर पंजे दिसले. महादेव भाऊची गाय गेली. जंगलखात्याचा बीटगार्ड आला. चांगला पोरगा होता. म्हणे, "जनावर कोणत्या अंगाले हाय ते मी रोज तुमच्या पोलीस पाटलाच्या फोनवर टाकत जातो. त्या अंगाले कोणी जाऊ नका."

घ्या! फोनवर! पोलीस पाटलाच्या फोनले रेंज नाई. मेसेज पायजे तं त्यानं टेकडीवर चढाचं. अन् टेकडीवर चढाचं का नाई, तेच तं मेसेजात राहणार.

मंग गाव बसलं. कंपनीकडं तक्रार कराची ठरली. मी दहावीपर्यंत शिकलेली, बाजाराच्या दिवशी मासोळी घेऊन तालुक्याले जातोच. म्हून मले पाठवलं. अन् तिथी माही खुर्ची काढून घेतली, मले वाघाले फोन लावाले सांगतलं, ते सांगून झालंच.

तक्रार मात्र लिहून घेतली होती त्याईनं. पुढच्या बाजारी मी पुन्हा गेली. टोपली बाहेरच ठेवली, कोणी न सांगता. शिकली होती.

साहेबानं कॉम्प्युटरात पायलं. "बंद झालीय."

"हो साहेब, बंदच हाय. म्हून तं आली."

"टॉवर नाही हो. तुमची तक्रार बंद झालीय. तपासणीसाठी तुम्हाला फोन केला होता. लागला नाही. ग्राहक मिळाला नाही की तक्रार आपोआप बंद होते."

माह्या तोंडून निघून गेलं, "साहेब, फोन लागत नाई, तेचीच तं तक्रार हाय!"

बाबू खाली मान घालून हासला. साहेब नाई हासला. त्याले कंटाळा आला होता. म्हणाला, "नियम मी केलेला नाही, बाई. पुन्हा नोंदवतो. उद्या दुपारी फोन येईल. रेंजमध्ये उभ्या राहा आणि उचला. नाही उचलला तर पुन्हा बंद होईल, मग माझ्याकडे यायचं नाही."

मी त्याले टेकडीचं सांगतलं. मोठ्या जनावराचं सांगतलं. दोन माणसं लागतात, पाठीले पाठ लावून उभं राहा लागते, थाळी वाजवा लागते, सारं सांगतलं.

"म्हणजे टेकडीवर रेंज येते ना?"

"येते साहेब, पण..."

"मग आहे की नेटवर्क तुमच्या गावात."

तवा माह्या डोस्क्यात नाई शिरलं. परतीच्या बसमध्ये शिरलं. फोन उचलला नाई तं गिऱ्हाईकच नाई. उचलला तं रेंज हाय. म्हणजे मी काईबी केलं तरी त्याईच्या लेखी टावर चालूच. पण मी चिडली नाई. भ्याली. वाटलं, आपल्यालेच धड सांगता आलं नसंन. शिकलेली दुसरी कोणी गेली असती तं साहेबाले समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली अन् वनिता थाळी घेऊन दारात उभी. सासू म्हणे, "नोका जाऊ वो पोरीहो. काल सांजेले वांदरं जनावर पाहून खाकरतात तसे गंज खाकरत होते तिकडं."

"आत्याबाई, आज नाई उचलला तं पुन्हा बंद करतीन," वनिता म्हणे. "मंग काय जलमभर त्या दगडावर उभ्या राहू का आमी?"

तिची छकुली मांगं लागली. तिले तिनं सासूच्या मांडीवर नेऊन बसवलं, तिच्या हातात गुळाचा खडा देल्ला अन् आमी निघालो.

मोह गळून राह्यला होता. टेकडीभर त्याचा गोड वास. दगडाच्या भवताल फुलाईचा सडा. एरवी वनितानं ओटी भरली असती. त्या दिवशी वाकली नाई, पायानंच फुलं बाजूले सारत दगडावर चढली. पाठीले पाठ लावली. तिची पाठ चढाच्या घामानं ओली झाली होती. माह्या हातात माहा बटनाचा साधा फोन. तो मी डोस्क्याच्या वर धरला.

फोन काही येईना. हात भरून आला की मी दुसऱ्या हातात घेत होती. वनिता थाळी वाजवे, थांबे, पुन्हा वाजवे. अन् बोलत होती. तिले उगी राहाची सवयच नव्हती.

"साहेब दिसते कसा वो, बाई?"

"चष्मा हाय. केसाले काळं लावते."

"अन् काल हासला का तुमाले?"

"काल नाई हासला."

"मंग करीन फोन. आज आपलं काम होते पाहा."

दुपार कलली. ऊन मोहाच्या बुडाशी आलं. अन् एकाएकी पाखरं बंद झाले. मले पहिले समजलं नाई, निस्तं वाटलं की काईतरी कमी हाय. मंग खालच्या नाल्याकडून चितळाचा आवाज आला. तो भेल्यावर ओरडते तसा, तुटका. वनिताची पाठ ताठ झाली. ते मले माह्या पाठीतून कळलं.

"काय दिसलं का वो?"

"दिसत तं काही नाई."

"चाल, उतरू आपण. जाऊ दे तो फोन."

"जराशिक थांबा ना, बाई. एवढ्या वेळ थांबलो तं." अन् तिनं थाळी जोरजोरानं वाजवली.

तेवढ्यात फोन वाजला.

फोन कानाशी आणला की रेंज जाते. म्हून मी वरच धरून बटन दाबलं, आवाज मोठा केला. फोनातून पुरुष बोलला. जाड, गोड आवाज. "नमस्कार!"

वनितानं पदर घेतला.

पुरुषाचा आवाज होता ना. भासरा असो का साहेब असो, तिच्या हातानं इचार नाई केला. लहानपणापासून त्या हाताले जे शिकवलं तेच त्यानं केलं. मले दिसलं नाई, मी दुसरीकडं तोंड करून होती. पण थाळी थांबली ते ऐकू आलं. तिचं कोपर माह्या पाठीले घासून वर गेलं ते समजलं. एरवी मी म्हटलं असतं, पदर काढ वो. त्या दिवशी माहा जीव फोनात होता.

तो माणूस माणूस नव्हताच. भरून ठेवलेला आवाज होता. "आपल्या तक्रारीचं निवारण झालं असल्यास एक दाबा. झालं नसल्यास दोन दाबा." मी वर तोंड करून ओरडली, "नाई झालं! साहेब, नाई झालं! आमी टेकडीवर हावो!" मशीनले काय समजते? तो आपला पुन्हा तेच, एक दाबा, दोन दाबा. मंग दोन कुठी हाय ते पाहाले मी फोन खाली डोळ्यासमोर आणला. रेंज गेली. आवाज तुटला.

अन् माह्या पाठीवरची पाठ गेली.

ती ओरडली बी नाई. मी फिरली तं थाळी दगडावर फिरत होती, थांबलीबी नव्हती अजून. झुडपात त्याचं अंग दिसलं अन् वनिताचा हिरवा पदर. मी थाळी उचलली. वाजवली, बोंबलली, हातात येतीन ते दगड फेकले, त्याच्या मांगं धावली. माय वो! तिचं नाव घेऊन घेऊन माहा गळा फाटला. त्यानं एकदा माह्याकडं पायलं अन् तिले ओढत खाली नाल्याकडं घेऊन गेला.

गाव काठ्या घेऊन धावत आलं. वनिता नाल्यात भेटली. याच्या पुढचं मी सांगत नाई. माह्या डोळ्यासमोर हाय तेवढंच बस झालं.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर गाड्या आल्या. जंगलखात्याचे साहेब, तहसीलचे साहेब, कॅमेरेवाले. अन् त्या दिवशी टावर सुरू झाला! कोणीतरी येऊन डिझेलची मशीन लावली. साहेबलोकाईचे फोन लागले पायजे ना. मशीनच्या आवाजानं वांदरं पळाले. आमच्या अंगणात बाया रडून राह्यल्या होत्या, अन् त्या रडण्यात साऱ्या गावाचे फोन एकदम वाजाले लागले. कुठी कुठी अटकलेले मेसेज, सारे एकाच वेळी येऊन पडले.

पोलीस पाटील आमच्या ओट्यावर बसला होता. त्यानं खिशातून फोन काढला अन् डोळ्याजवळ नेला. गार्डाचा मेसेज होता, आदल्या दिवशी सकाळचा. "जनावर टेकडीवर आहे. आज कोणीही टेकडीकडे जाऊ नये." म्हातारा माणूस तो. तिथीच भिंतीले डोस्कं टेकवून लेकरासारखा रडला.

माह्या फोनवरबी मेसेज आला होता. कंपनीचा. माह्या तक्रारीचं निवारण झालं म्हून माहे धन्यवाद मानले होते. काईच दाबलं नाई म्हणजे गिऱ्हाईक खूश, असं असते म्हणे त्याईच्यात.

मी तो वाचला. पुन्हा वाचला. तवापर्यंत मी रडून राह्यली होती, ते रडणं थांबलं. मले राग आला. घरात, बाजारात, मी आधीबी चिडत होती. पण हा राग तसा नव्हता. हा थंड होता अन् तो काही केल्या जात नव्हता.

अंगणात बाया बोलून राह्यल्या होत्या. एक म्हणे, तिची वेळ भरली होती. एक म्हणे, पदर घ्याले नव्हता पायजे वो तिनं. मी ऐकत होती. जनावर जंगलात राहते, त्याले भूक लागते, त्याच्यावर काय रुसाचं? पदर आमाले आमच्या मायनं शिकवला, मायले तिच्या मायनं. पण वनिताले भर दुपारी त्या दगडावर कोणी उभी केली? जनावरानं नाई केली. पदरानं नाई केली. रेंजमध्ये उभ्या राहा म्हणणाऱ्यानं केली. आमचा टावर मेलेला हाय हे त्याले आमच्या तोंडून ऐकाचं नव्हतं, अन् डोळ्यानं पाहाले याचं नव्हतं. त्याच्यासाठी आमी जीव देऊन हजेरी लावाची.

अन् मले हेबी दिसलं की पहिल्या दिवशी त्यानं माही खुर्ची काढली तवाच हे सारं सुरू झालं होतं. ज्याले बसाले खुर्ची नाई, त्याची तक्रार कुठी बसणार?

साहेबलोक गेले. मशीन गेली. टावर पुन्हा मेला अन् वांदरं आपल्या जागेवर आले.

माहा नवरा अन् दीर तेलंगणातून आले तवा सारं आटपून गेलं होतं. दिरानं मले एकच इचारलं, "वयनी, ती काही बोलली का वो शेवटी?" मी म्हटलं, "जराशिक थांबा म्हणे." तो उठून तलावाकडं निघून गेला.

तेरवी झाली. पुढचा बाजार आला. मी ढिवराच्या साऱ्या बायाईले म्हटलं, मासोळी इकाच्या आधी माह्यासंगं चाला. कोणी काऊन म्हून इचारलं नाई.

मी टोपली घेऊन आत गेली. भरलेली टोपली. माह्या मांगून बाया, त्याईच्याबी टोपल्या भरलेल्या. कोणाची बोटरी, कोणाची मरळ, कोणाचे झिंगे. शिपाई उठला, "बाई, टोपली..." मी त्याच्याकडं पायलं. तो खाली बसला. भिंतीपाशी तीच खुर्ची, वर तोच वायरीचा गुंडाळा. मी गुंडाळा जमिनीवर ठेवला, खुर्ची ओढत साहेबाच्या टेबलासमोर आणली अन् बसली.

साहेबानं नाकाले रुमाल लावला. "काय आहे हे?"

"वास हाय. मासोळीचा. तक्रार लिहा."

त्यानं मले ओळखलं. रुमाल खाली घेतला. "तुमच्या गावचं वाचलं मी. वाईट झालं. पण बाई, ते वनखात्याचं प्रकरण आहे, आमचा काही..."

"तक्रार लिहा. टावर बंद हाय."

लिहिली. बोटं चुकत होते त्याचे. मंग म्हणाला, "झाली. उद्या दुपारी फोन येईल."

"आता लावा."

"असं नसतं. ती सिस्टम आहे, ती उद्याच लावणार."

"मंग उद्यापर्यंत मी इथीच बसतो. रेंजमध्ये उभ्या राहा म्हटलं होतं ना तुमी? इथी रेंज हाय. आता मले कोण म्हणते पाहू, ग्राहक मिळाला नाई म्हून."

मांगं बाया खाली बसल्या. टोपल्या मधात. पंखा फिरत होता, मासोळीचा वास साऱ्या ऑफिसात फिरत होता. कोपऱ्यातला बाबू शिपायाच्या कानात काईतरी बोलला अन् हासला. शिपाई नाई हासला. मी बी नाई हासली. मी त्या बाबूकडं पाहत राह्यली. त्याचं हासू तोंडावर जराशिक राह्यलं, मंग त्याले ते कुठी ठेवावं ते समजेना, मंग सरलं.

ऑफिस बंद झालं तवा आमी बाहेरच्या ओट्यावर येऊन बसलो. मासोळी तिथीच इकली, उरली ते रांधून खाल्ली. सकाळी ऑफिस उघडलं तं पुन्हा आत. साहेब दोनदा बाहेर जाऊन आला. मी खुर्ची सोडली नाई. दुपार झाली अन् माहा फोन वाजला.

मी तो टेबलावर ठेवला, साहेबाच्या समोर. बटन दाबलं, आवाज मोठा केला. तोच पुरुष. तोच जाड, गोड आवाज. "नमस्कार!"

माह्या बाजूले शेवंता बसली होती. नव्यानं लगन होऊन आलेली पोरगी. तिचा हात पदराकडं गेला. मी तो हात मधातच धरला. धरून माह्या मांडीवर ठेवला. तिनं माह्याकडं पायलं, मी मान हलवली. तिनं पदर नाई घेतला. तिथी बसलेल्या एकीनंबी नाई घेतला. आवाज बोलत होता, साऱ्या बाया उघड्या डोस्क्यानं त्या फोनाकडं पाहत होत्या.

मी दोन दाबलं. हळू, साहेबाले दिसंन असं.

टावर अजून बंदच हाय. हे सांगतो, कारण ऐकणाऱ्याले वाटते की आता सारं नीट झालं असंन. नाई झालं. तक्रार बंद करतात, आमी दुसरी करतो. दर बाजारी टोपल्या घेऊन आमी त्या ऑफिसात बसतो. साहेबानं एकदा पोलीस बोलावले. पोलिसाईनं नाव इचारलं, सांगतलं. काम इचारलं, म्हटलं फोनची वाट पाहून राह्यलो.

टेकडीवर आता आमच्या गावचं कोणी चढत नाई. नवऱ्याचा फोन नाई आला तं नाई आला. छकुली माह्यापाशी हाय. तिले मी सारं शिकवीन, जाळं टाकाले, डोंगा चालवाले, शाळेत जाऊन लिहाले. आवाज ऐकून पदर घ्याले शिकवणार नाई. अन् साहेब हासला म्हून हासाले तं मुळीच शिकवणार नाई.

ती जरमनची थाळी माह्या दाराच्या खुंटीले टांगून हाय. साहेबाले मी मागच्या बाजारी साफ सांगतलं. टेकडीवर रेंज हाय म्हणता ना तुमी? मंग या. एक दिवस त्या दगडावर फोन तुमी धरा. मी तुमच्या पाठीले पाठ लावून उभी राहतो, थाळी वाजवतो, डोळे उघडे ठेवतो, डोस्कं उघडं ठेवतो. तुमाले काही होऊ देत नाई. कधी येता तेवढं सांगा.

त्यानं अजून सांगतलं नाई. मी खुर्ची सोडली नाई.